एम ६७ मधल्या निळ्या ताऱ्यांचा माग: माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टला सरांनी एम ६७ हा तारकागुच्छ दिला. कर्क राशीत, साधारण २,८०० प्रकाशवर्षं लांब, वय ४०० कोटी वर्षांच्या घरात. जास्त वस्तुमानाचे निळे तारे इंधन लवकर जाळतात, म्हणून इतक्या जुन्या गुच्छातले असे तारे केव्हाच संपायला हवेत, तरी काही शिल्लक दिसतात. हेच ब्लू स्ट्रॅगलर. ॲलन सँडेज यांना ते १९५३ मध्ये एम ३ गुच्छात पहिल्यांदा आढळले.

दुर्बिणीला हात लावायची वेळच आली नाही. ताऱ्यांच्या जागा आणि अंतरं मोजणाऱ्या गाया यानाचा डेटा फुकट आहे, तो टॉपकॅट या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा. गुच्छाची आकाशातली जागा म्हणजे विषुवांश १३२.८, क्रांती ११.८ अंश, त्याभोवतीचे सगळे तारे उतरवून घेतले. यात गुच्छातले कोण आणि वाटेत येणारे उपरे कोण? दोन्ही दिशांची प्रॉपर मोशन, म्हणजे तारा आकाशात दरवर्षी किती सरकतो ते, आलेखावर टाकली. गुच्छातले तारे एकत्रच सरकतात. उपऱ्यांची गर्दी शून्याच्या आसपास पसरली आणि उणे ११, उणे ३ मिलिआर्कसेकंदांपाशी (हे कोनाचं अगदी बारीक माप) एक घट्ट पुंजका उठून दिसला. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये एवढी मजा पुन्हा आली नाही!

पॅरॅलॅक्सची, म्हणजे अंतराची, चाळणी लावून उरलेल्यांचा रंग आणि प्रत (तेजाचं माप, आकडा लहान तितका तारा ठळक) आलेखावर मांडली. मुख्य क्रम, म्हणजे सामान्य ताऱ्यांची ओळ, तेराव्या प्रतीच्या आसपास उजवीकडे वळतो, आणि वळणाच्या वर डावीकडे, निळ्या बाजूला, मोजके ठिपके सुटे पडलेले. हेच ब्लू स्ट्रॅगलर. सगळ्यात ठळक तारा दहाव्या प्रतीचा.

आता यांना जादा वस्तुमान आलं कुठून? एक तर दोन तारे आदळून एक झाले, नाहीतर जोडीदाराकडून वायू ओढला गेला. एम ३ सारख्या दाट गोलाकार गुच्छाच्या गाभ्यात टकरीला वाव असतो, एम ६७ त्या मानाने विरळ. जोडीदाराचा पुरावा अतिनील किरणांत शोधायचा, कारण वायू देऊन बसलेला तारा तापलेला श्वेत बटू, म्हणजे ताऱ्याचा उघडा पडलेला छोटा गाभा, होऊन उरतो. ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीची प्रसिद्ध झालेली मापं घेऊन व्होसा या ऑनलाइन साधनात ताऱ्यांच्या प्रकाशाचे वक्र जुळवले. कंटाळवाणं काम, खरं सांगायचं तर. पण डब्ल्यूओसीएस १००७ या ब्लू स्ट्रॅगलरची गोष्ट वेगळी. त्याच्या श्वेत बटू जोडीदाराचं वस्तुमान सूर्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी निघालेलं आहे. एकटा तारा विश्वाच्या आजवरच्या वयात एवढा हलका श्वेत बटू होऊच शकत नाही. म्हणजे त्याचा वायू कुणीतरी काढून घेतला, आणि घेणारा शेजारीच, चारेक दिवसांच्या कक्षेत.

सगळ्यांचे जोडीदार असे सापडत नाहीत. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, नेमकं तेच विचारलं. श्वेत बटू निवून अंधूक झाला असेल किंवा दोन्ही तारे एकमेकांत मिसळले असतील, असं सांगून मी पुढच्या स्लाइडवर गेलो.