डावा डोळा पुसावा लागला तेव्हा

फोटोसाठी मेकअप करायचा होता. समोर बसलेल्या बाई पन्नाशीच्या पुढच्या. वरची कातडी पापणीच्या घडीवर उतरलेली, पापण्या तेलकट, डोळ्यांखाली तपकिरी छटा, रंग गव्हाळ आणि डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स. मागणी एकच होती. ‘‘स्मोकी हवं, कडा धुरासारख्या विरलेलं, पण काळं नको. काळ्यानं माझे डोळे अगदी बारीक दिसतात.’’

राखाडी पेन्सिल अशाच डोळ्यांसाठी असते. काळ्या रेघेची कड कातडीपासून तटकन वेगळी दिसते, त्यामुळे केसाएवढा फरकही नजरेत भरतो. राखाडीची कड कातडीत विरते. वयाबरोबर पापणीवर बारीक सुरकुत्या येतात, त्यांवर काळी रेघ दातेरी होते. राखाडी पसरवायचीच असल्यामुळे ती चूक उरतच नाही. म्हणून मध्यम राखाडी पेन्सिल घेतली, डाव्या पापणीवर केसांच्या मुळाशी रेघ काढली, ब्रशने पसरवली, वर फिकट राखाडी आयशॅडो लावली. डोळे मिटलेले असताना काम छान दिसत होतं.

बाईंनी डोळे उघडले आणि दोन गोष्टी एकदमच दिसल्या. रंग राखाडी न दिसता निळसर दिसत होता, मार लागून काळंनिळं पडावं तसा. आणि पाचच मिनिटांत घडीच्या वर रेघेचा ठसा उमटला होता.

रंग बिघडण्याचं कारण पेन्सिलीतच असतं. राखाडी रंग बहुधा काळ्या आयर्न ऑक्साइडमध्ये पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड मिसळून करतात. काळ्यात पांढरं पडलं की त्यातली निळी झाक वर येते. गव्हाळ किंवा सावळी त्वचा मुळात पिवळ्या-तांबूस अंगाची, त्यामुळे तिच्यावर ही निळाई आणखी उठून दिसते. पसरवताना थर पातळ होतो आणि पांढरा अंश राखेसारखा कातडीवर बसतो. म्हणून त्वचा जितकी गडद, तितकी पेन्सिल गडद घ्यावी: कोळशाच्या रंगाची, आणि जमलं तर किंचित तपकिरी झाक असलेली. फिकट चंदेरी राखाडी मी गव्हाळ रंगावर रेघ म्हणून वापरत नाही. नुसती राखाडी पेन्सिल उघड्या कातडीवर पसरवणं हीच त्या दिवशीची पहिली चूक होती. खाली उबदार रंगाचा थर हवा होता.

ठशाचं कारण माझ्या हातचं होतं. चेहऱ्याला क्रीम लावताना ते पापणीपर्यंत गेलं होतं. काजळाची पेन्सिल म्हणजे मेण, तेल आणि रंग. पापणीवरचं तेल त्या मेणाला सैल करतं. कातडी घडीवर टेकत असेल, तर प्रत्येक उघडझापीला सैल झालेला रंग वर छापला जातो. अशा वेळी वरून पावडर थापून भागत नाही. तेलावर पावडरचा चिखल होतो. इअरबडवर मेकअप उतरवायचं मायसेलर वॉटर घेऊन आख्खी पापणी पुसली, मग साध्या ओल्या कापसाने, मग कोरड्याने. शेवटचं कोरडं पुसणं बरेच जण विसरतात आणि प्रायमर, म्हणजे रंग टिकावा म्हणून त्याखाली लावायचा थर, सरकतो.

पुन्हा सुरुवात केली ती उजव्या डोळ्यापासून. प्रायमर मुगाच्या दाण्याएवढा, दोन्ही पापण्यांना मिळून. जास्त झाला तर तोच सुरकुत्यांत साठतो. तो बोटाने थोपटून मिनिटभर सुकू दिला. त्यावर त्वचेहून एकच छटा गडद अशी मॅट तपकिरी आयशॅडो, घडीत आणि घडीच्या किंचित वर. राखाडीची निळाई हाच थर मारतो आणि कडेला रंग कातडीत मिसळायला जागा मिळते. चमकदार शेड टाळली, कारण चमक प्रत्येक सुरकुतीवर प्रकाश पाडते.

मग पेन्सिल, या वेळी कोळशाच्या रंगाची. मऊ पेन्सिल गरम हवेत टोक काढताना मोडते, म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवते. टोक काढून त्यावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारायचं आणि पूर्ण उडू द्यायचं. ओलसर टोक डोळ्याजवळ न्यायचं नाही. एका सलग रेघेच्या नादी लागू नये. केसांच्या मुळांमध्ये छोटे छोटे ठिपके देत बाहेरून आत यायचं: बाहेरच्या एक तृतीयांश भागात दाट, मध्ये विरळ, आतल्या कोपऱ्यात काही नाही.

इथे पेन्सिलीची जात ओळखायला हवी. साधं काजळ दोन-तीन मिनिटं हलवता येतं. टिकाऊ जेल पेन्सिलीत उडून जाणारा द्रव असतो, ती साधारण अर्ध्या ते एका मिनिटात बसते. मग कितीही घासलं तरी तिचे तुकडे निघतात, ती पसरत नाही. तेलकट पापणीसाठी मी जेलच घेतली. पण एक डोळा पूर्ण करून मगच दुसरा; दोन्हीकडे रेघ काढून मग पसरवायला गेलं, तर पहिली बसलेली असते.

पसरवायला छोटा, दाट, गोल टोकाचा ब्रश. आधी कोरडाच, जागच्या जागी मागे-पुढे तीन-चार मिलिमीटर. घासत वर ओढलं की रंग नको तिथे जातो. किती वर न्यायचं हे डोळे उघडे ठेवून, समोर आरशात बघतानाच ठरवायचं. घडीवर कातडी उतरलेली असेल तर मिटलेल्या डोळ्यावरचा सुंदर आकार उघडल्यावर गडप होतो. या बाईंच्या बाबतीत रंग घडीच्या खऱ्या रेषेपेक्षा दोनेक मिलिमीटर वर न्यावा लागला, तोही बाहेरच्या टोकालाच.

शेवटी त्याच छटेची मॅट कोळसा आयशॅडो चपट्या ब्रशने दाबून बसवली. दाबून, फिरवून नाही. फिरवलं की खालची पेन्सिल उचलली जाते. ब्रश आधी झटकला, कारण गडद पावडर गालावर सांडते. याच कारणासाठी डोळे आधी आणि फाउंडेशन नंतर.

वॉटरलाइनला, म्हणजे पापणीच्या आतल्या ओल्या कडेला, पेन्सिल लावली नाही. त्या कडेवर अश्रूंना तेलकट थर देणाऱ्या ग्रंथींची तोंडं उघडतात, आणि तिथला रंग अश्रूंत उतरून लेन्सवर चढतो. लेन्स असलेल्यांनी ती मेकअपच्या आधी घालावी, आणि उतरवताना मेकअप आधी काढायचा नाही. लेन्स आधी काढावी. वॉटरलाइन सोडली म्हणून डोळा पोकळ दिसत नाही, फक्त वरच्या केसांची मुळं नीट भरलेली हवीत.

खालच्या पापणीचा मोह आवरावा लागतो. डोळ्यांखाली मूळचीच तपकिरी छटा असेल तर राखाडी तिला जाऊन मिळते आणि माणूस जागरण झाल्यासारखा दिसतो. आधी नारिंगी झाकेचा करेक्टर अगदी पातळ, वर कन्सीलर, पावडर. मग ब्रशवर उरलेला रंग फक्त बाहेरच्या एक तृतीयांशात. मस्कारा मात्र काळाच लावला, वरच्या केसांना दोन हात. सगळंच राखाडी ठेवलं तर डोळा धुरकट होतो आणि नजर हरवते.

डावा डोळाही याच क्रमाने झाला. चारेक तासांनी पाहिलं तेव्हा घडीवर ठसा नव्हता. उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात तेवढं थोडं ओघळलं होतं. उतरलेल्या कातडीच्या घडीतून पाणी तिथेच येतं. तिथे पुन्हा पेन्सिल लावली नाही, कारण पावडरवर मेणाचे गोळे होतात. कोरडा इअरबड एकदा गोल फिरवून ओल टिपली आणि कोळसा आयशॅडो चिमूटभर दाबली.