टी-३ घराकडे निघाला होता

"ताडोबा दाराशी असताना वाघासाठी मध्य प्रदेशातल्या पन्नाला कोण जातं?" नागपूरहून निघताना मित्रानं टोमणा मारलाच. पण वाघ हे निमित्त होतं. मला टी-३ नावाच्या एका वाघाचं जंगल बघायचं होतं.

पन्नाच्या मडला गेटवर डिसेंबरची थंडी अशी होती, की जिप्सीवाल्यानं न मागता मांडीवर कांबळं टाकलं. पहिले दोन तास सागवान, वाळलेलं गवत आणि एक घाईतलं रानडुक्कर, बस. मग गाइडनं हात वर केला. उतरायची परवानगी नसते, म्हणून तो अर्धा बाहेर लोंबकळून धुळीत बघत होता. काल संध्याकाळच्या गाड्यांच्या चाकोरीवर पंजाचा ठसा होता. कडा अजून ढासळल्या नव्हत्या. "रात का है," तो म्हणाला.

2009 साली इथे असा ठसा शोधूनही सापडला नसता. शिकारीनं पन्ना रिकामं केलं होतं. त्या मार्चमध्ये बांधवगड आणि कान्हातून दोन वाघिणी आणल्या, तर उरलासुरला एकुलता नरही दिसेनासा झाला. म्हणून नोव्हेंबरात पेंचहून टी-३ आणला. आमच्याच बाजूचा म्हणायचा, पेंच नागपूरकरांना घरचंच. तो इथे काही रमेना. थोड्याच दिवसांत पन्ना सोडून दक्षिणेकडे चालू लागला. शेतं, गावं, रस्ते ओलांडत महिनाभर तो पुढे आणि हत्ती घेऊन वनखात्याची माणसं मागे. शेवटी 25 डिसेंबरला बेशुद्ध करून परत आणला. पुन्हा पळू नये म्हणून जंगलात वाघिणीचं मूत्र शिंपडलं. हा उपाय ज्याला सुचला त्याला सलाम!

"भाग गया था ना?" मी विचारलं.

"भागा नहीं साब, घर जा रहा था."

यावर मला काही बोलता आलं नाही.

16 एप्रिल 2010 ला बांधवगडच्या टी-१ वाघिणीला त्याच्यापासून चार बछडे झाले. त्या तारखेला इथे अजून वाढदिवस साजरा होतो. आज पन्नात पन्नासहून जास्त वाघ आहेत. आम्हाला त्यातला एकही दिसला नाही, हे मित्राला अजून सांगितलेलं नाही.

परतताना केनच्या काठी चहा घेतला. याच नदीवर, व्याघ्र प्रकल्पाच्या आत, केन-बेतवा नदीजोड प्रकल्पाचं दौधन धरण होतंय आणि त्यात गाभ्यातलं जंगल बुडणार आहे. बुंदेलखंडाची तहान खोटी नाही, आमच्या मराठवाड्याच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. तरी मला ती जागा चुकीची वाटते. भूमिपूजन झालं ते 25 डिसेंबर 2024 ला, टी-३ ला परत आणल्याला बरोबर 15 वर्षं झाली त्या दिवशी. तारीख कुणी मुद्दाम निवडली नसणार.

रात्री पेंचच्या जंगलातून येताना गाडी उड्डाणपुलावर चढली. खालून जनावरं जावीत म्हणून हा महामार्ग इथे उचललाय. मी काच खाली केली. टी-३ ला इथवर यायचं होतं.