नाही म्हणायचं कधी

वाटेवर लावलेल्या कॅमेऱ्याचं कार्ड बदलता बदलता गणूने विचारलं, "तात्या, मग मासेमार मांजर इथं नाहीच म्हणायचं का?" दुपारपासून तेवढंच माझ्या डोक्यात घोळतंय.

नाही म्हणायला काय लागतं? कार्डावर रानमांजर आहे, कोल्हा आहे, मुंगूस आहे, वाऱ्याने हललेल्या पाणकणसाचे ढीगभर फोटो आहेत. पण नांदूर मधमेश्वर अभयारण्याचा पसारा शंभर चौरस किलोमीटरचा, आणि एका कॅमेऱ्याला दिसतात समोरची दहा-बारा पावलं. कॅमेरा गुडघ्याच्या खाली, पायवाटेला तिरका, उगवता-मावळता सूर्य समोर येणार नाही असा. पुढचं गवत मुळाशी कापायचं. पेटीत सिलिका जेलची पुडी, नाहीतर पहाटे भिंगावर वाफ धरते. एवढं करून दारणा-गंगापूर धरणांचं आवर्तन सुटलं की पाणी चढतं आणि काठच जागचा सरकतो. ठसे जातात ते वेगळंच.

आज खाणगावच्या बाजूला एक ठसा होता. गोलसर, दोन बोटांपुढे नखांची बारीक टिंबं, तिसऱ्या बोटावरून बगळा चालून गेलेला. कोल्ह्याचा लांबट असतो, हा तसा नव्हता. मासेमार मांजराची नखं पुरती आत जात नाहीत, टोकं चिखलात उमटतात. पण निसरड्यावर रानमांजरही नखं काढतं. म्हणजे पुन्हा तिथेच. वहीत "रानमांजर?" एवढंच लिहिलं.

वर ओपीवर, म्हणजे टेहळणीच्या चौकीवर, रात्रभर दुर्बिणीतून काही हाललं नाही, तर सकाळी तोही रिपोर्ट जायचा आणि कोणीतरी तो वाचायचा. इथे कोण वाचतंय? घरी परवा त्यावरूनच... जाऊ दे.

हीच गोदावरी खाली काकिनाड्याजवळ समुद्राला मिळते, तिथे कोरिंगाच्या खारफुटीत मासेमार मांजर आहे. चिल्का सरोवरात २०२२ च्या गणतीत अंदाजे १७६ निघाली. इथे एकही निघालं नाही तरी आपण कुठे, किती रात्री, किती पाण्यात पाहिलं, हे नोंदलेलं असलं तर पुढच्याला ती जागा पुन्हा चाळावी लागणार नाही. नसेलही इथे. मला ते आता मान्य करता येतंय, फक्त अजून म्हणायचं नाही.

गणूला उद्या सांगायचं: वहीत पाण्याच्या पातळीचा रकाना वाढव. खाणगावला दोन कॅमेरे समोरासमोर लावू, दोन्ही कुशींवरचे ठिपके वेगळे असतात. आणि आवर्तनाआधी दोन्ही हातभर वर घ्यायचे.