रस्ता दाटणे

आमच्या आईला रस्ता क्रॉस करायला झेब्रा लागत नाही, सिग्नल लागत नाही, लागतो तो फक्त एक हात. बेळगावच्या गणपत गल्लीत भाजी घेऊन झाली की पिशवी डाव्या हातात, वरनं कोथिंबीर डोकावतेय, आणि उजवा हात कोपरात थोडा वाकवून पंजा गाडीवाल्याकडं. पोलिसाचा ताठ हात वेगळा, हा तसला नाही, हा जरा दटावणारा जरा विनवणारा, लहान पोराला पळू नको म्हणताना करतात तसला. "मी जातो पुढं, तू माग्नं ये," म्हणून ती उतरते आणि खरंच रिक्षा, बुलेट, टेम्पो सगळे थोडे थोडे स्लो होतात. थांबत कोणीच नाही, पण तिच्यापुरती फट पडते.

खरी मजा मधोमध. तिथंपर्यंत गाड्या उजवीकडनं येतात आणि तिथनं पुढं डावीकडनं, म्हणजे हात बदलायला पाहिजे, आणि हात बदलायचा तर पिशवी बदलायला पाहिजे. मग रस्त्याच्या मधे उभी राहून ती पिशवी ह्या हातातनं त्या हातात घेणार, बटाटा पडला नाही ना बघणार, पदर सावरणार आणि मग डावा हात वर. तेवढा वेळ माझा जीव टांगणीला. एकदा एक रिक्षावाला वैतागून म्हणाला, "अज्जी, नोडकोंड होगरी!" म्हणजे बघून जा जरा. तर ही तिथंच उभी राहून, "ना नोडेनी, नी नोडप्पा!" मी बघितलंय, तू बघ. रिक्षावाला हसला बिचारा.

कन्नडमध्ये रस्ता ओलांडण्याला 'दाटोदु' म्हणतात. आपल्याकडं ढग दाटतात, गळा दाटतो, गर्दी दाटते. लहानपणी शेजारच्या अक्का रस्ता दाटायचं बोलायला लागल्या की मला वाटायचं बाहेर लई गर्दी झालीय असं सांगायल्यात. आता संध्याकाळी सहाला खडेबाजारात उभं राहिलं की कळतं, दोन्ही अर्थ एकाच वेळी चालू असतात.

झेब्रा नाहीत असं नाही, आहेत की. डिसेंबरात इथलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन जवळ आलं की मोठ्या रस्त्यांवरचे पट्टे एकदम पांढरेशुभ्र होतात, पुढच्या जूनपर्यंत ते टायरनं घासून दुधात पाणी घातल्यासारखे होतात आणि आमचा बेळगावचा पाऊस सुरू झाला की उरलंसुरलं तेही जातं. मला पूर्वी वाटायचं हे पट्टे चालणाऱ्याला वाट दाखवायला असतात. तसं नाहीये. 31 ऑक्टोबर 1951 ला इंग्लंडात स्लाऊ नावाच्या गावात पहिला झेब्रा आला, त्याच्या आधी तिथं ओलांडायच्या जागी रस्त्यात धातूची बटणं ठोकलेली असायची, कडेला काळ्यापांढऱ्या खांबावर नारिंगी गोळा, आणि चालणाऱ्याला ती बटणं बरोबर दिसायची पण लांबनं येणाऱ्या ड्रायव्हरला नाही. म्हणून पट्टे. म्हणजे झेब्रा आपल्या पायासाठी नाहीच, गाडीवाल्याच्या डोळ्यासाठी आहे. पुसट झाला की मग तिथं काय उरतं, फक्त आपण आणि आपला समज की इथं झेब्रा आहे.

आईचा हातसुद्धा डोळ्यासाठीच. ती गाडीकडं बघत नाही, माणसाकडं बघते. त्यामुळं काळ्या काचेची कार आली की तिचा हात जरा कच्चा पडतो, कुणाला दाखवायचा कळत नाही. पावसाळ्यात तर अजून वांदे, वारा अंगावर म्हणून छत्री तिरकी धरायची आणि ती नेमकी गाड्या येतात त्याच बाजूला, म्हणजे ना आपल्याला दिसत ना त्यांना आपलं तोंड दिसत. हात बाहेर काढावा तर छत्री उलटी!

कायद्यात काय कमी नाही. 2017 च्या ड्रायव्हिंगच्या नियमांत सरळ लिहिलंय की सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगला गाडीवाल्यानं स्लो व्हायचं, थांबायचं, चालणाऱ्याला जाऊ द्यायचं, आणि पुढं जायला जागा नसेल तर पट्ट्यांवर गाडी आणून अडवायचं पण नाही. हे वाचून मी चन्नम्मा सर्कलजवळ थोडा वेळ उभा राहून बघितलं. जाऊ दे, सांगत नाही काय दिसलं.

पण एकदा मी स्वतः नियम पाळलाय. आरपीडी कॉलेजजवळ, कॉलेज सुटायची वेळ, मी ॲक्टिव्हावर, कडेला एक पोरगी उभी, मी पट्ट्याच्या अलीकडं थांबलो. ती जाईना. मी हातानं सांगितलं जा, तिनं मला हातानं सांगितलं तुम्ही जा. तिला वाटलं ह्याचं पेट्रोल संपलं असणार किंवा कुणालातरी शोधतोय. मागनं हॉर्न सुरू. शेवटी तिनं विश्वास ठेवून पाय टाकला आणि मी थांबलोय म्हणून माझ्या डाव्या बाजूनं एक पल्सरवाला सुसाट बाहेर पडला, कचकन ब्रेक, पोरगी मागं, आणि मला बघितलं तिनं असं, की जसा काय मीच तिला फसवून बोलावलं होतं. थांबलेल्या गाडीच्या आडून दुसरी येते हे मला त्या दिवशी कळलं, तिला बहुतेक आधीच माहीत होतं.

घरी येऊन मी हिशेब केला, मला सवय आहे तसली. ताशी 36 म्हणजे सेकंदाला बरोबर 10 मीटर. सात मीटरचा रस्ता माझ्यासारखा माणूस सहा सेकंदात पार करतो, म्हणजे 60 मीटरवर असलेली बाईक मी पलीकडं पोचेपर्यंत माझ्यापाशी. आईच्या गुडघ्यांना नऊ सेकंद लागतात, म्हणजे तिनं 90 मीटर लांबचं बघायला पाहिजे, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी. पिशवी बदलायचे सेकंद ह्यात धरलेले नाहीत. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 32,825 नुसती चालत होती. हा आकडा मी आईला सांगितला नाही.

गावाकडं वेगळीच तऱ्हा. संकेश्वर, निपाणीकडं उसाच्या सीझनला रस्ता दाटायचा म्हणजे ट्रॅक्टर गेला की लगेच निघायचं नाही. मागं एक ट्रॉली असते, ती गेली असं वाटतं तोवर तिला जोडलेली दुसरी येते, अंधारात मागं लाईट असेल-नसेल, ऊस बाहेर आलेला. मामा लहानपणी आम्हाला मोजायलाच लावायचे, "एक... दोन... आता चला."

गेल्या शिवजयंतीला चित्ररथ बघायला आईला घेऊन गेलो होतो. रात्रीची वेळ, रस्ता भरून माणसं, ट्रॅफिक बंद, ढोल इतका की छातीत वाजतोय. समोरच्या कट्ट्यावर मावशी दिसली आणि आईला तिकडं जायचं झालं. आत्ता नको म्हणेपर्यंत उतरली पण. एक चित्ररथ येत होता, ट्रॅक्टरवर, ट्रॉलीत अफझलखानाचा वध, महाराज वाघनखं उगारून उभे आणि पोरं पोज धरून घामेजलेली. हिनं केला हात, तोच, दटावणारा-विनवणारा. ट्रॅक्टर थांबला. पूर्ण थांबला, स्लो वगैरे नाही. ट्रॉलीतला खान हलला, एका मावळ्याची दाढी सुटली, ड्रायव्हर वरनं ओरडला, "जावा की आज्जी, सावकाश!"

ती निघाली. मधोमध आली, डावीकडनं काहीच येत नव्हतं, यायचंच नव्हतं, तरी थांबली आणि पाण्याच्या बाटलीची पिशवी ह्या हातातनं त्या हातात घेतली.