ताई थांबल्या

आज नातीला आणायला पाळणाघरात जरा लवकर पोचले. ताई तिचा लंगोट बदलत होत्या. "पाय उचलू का गं?" म्हणाल्या आणि चक्क थांबल्या. आठ महिन्यांची पोर काय बोलणार! पण तिने ताईंकडे टक लावून बघितलं आणि आपणच पाय वर केला. एरवी घरोघरी हे काम म्हणजे हातात खुळखुळा कोंबायचा आणि पोराचं लक्ष जाण्याआधी उरकायचं.

बुडापेस्टला एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४६ मध्ये लोत्सी रस्त्यावर तान्ह्या मुलांसाठी संगोपनगृह काढलं, तिथे हाच शिरस्ता. उचलण्याआधी बाळाला सांगायचं, हात पुढे करायचे, वाट बघायची. अंघोळ, कपडे, भरवणं हाच गप्पांचा वेळ. एरवी जमिनीवर मोकळं सोडायचं. बसता येत नसेल तर उशा लावून बसवायचं नाही. (आमच्याकडे उशांचा किल्लाच असतो!)

ताईंना पिकलरबाई ठाऊक नाहीत. "घाई केली की रडतात, मग दुप्पट वेळ जातो," एवढंच त्यांचं शास्त्र. पण त्यांच्याकडे तीनच तान्ही बाळं आहेत, म्हणून जमतं. दहा दिली तर कोण थांबेल?

२०१७ पासून कायद्याने ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवंच. छान. आमच्या जवळही नवीन निघतंय, एसी, कॅमेरे, सगळं. एका ताईमागे बाळं किती, विचारलं तर माहिती देणाऱ्या मुलाला सांगताच येईना.