सिकलसेल, डॉपलर आणि ‘पेशंटला त्रास काय?’

माझ्या मुलीला सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार, आहे हे ती तान्ही असतानाच कळलं होतं. पेनिसिलिन, फॉलिक ॲसिड, लसी, सगळं वेळच्या वेळी झालं. गाडी अडली ती मेंदूच्या डॉपलरवर, आणि तो राग अजून गेलेला नाही.

डॉक्टर मॅडमनी चिठ्ठीवर ‘टीसीडी’, म्हणजे हाच कवटीतून करायचा डॉपलर, लिहून दिलं. कानशिलावर प्रोब टेकवतात आणि मेंदूतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत रक्त किती वेगानं वाहतंय ते मोजतात. सुई नाही, दुखणं नाही. वाहिनी अरुंद झाली की वेग वाढतो आणि स्ट्रोकचा (पक्षाघाताचा) धोकाही. एसएस प्रकारच्या, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलसेलचं जनुक आलेल्या, मुलांची २ ते १६ वर्षं वयात दरवर्षी ही तपासणी व्हायला हवी.

काउंटरवर पहिला प्रश्न, “पेशंटला त्रास काय?”

“काहीच नाही.”

“मग डॉपलर कशाला?”

अर्जात ‘लक्षणे’ असा रकाना. तो कोरा असला की तारीख नाही. अहो, लक्षणं दिसायच्या आत कळावं म्हणूनच तर ही तपासणी! वाद घालून तारीख मिळाली, तर मानेचा डॉपलर करून ‘नॉर्मल’ असा रिपोर्ट हातात ठेवला. मॅडमनी तो नुसता बाजूला सरकवला. बघायच्या होत्या कवटीच्या आतल्या वाहिन्या. पुन्हा तीच रांग, तोच रकाना. मग कुणीतरी सुचवलं, मूल हलेल, झोपेचं औषध देऊन करू. मी साफ नाही म्हटलं. झोपेत वेगाचा आकडा बदलतो. मूल जागं हवं आणि शांत हवं. ताप असताना किंवा नुकतंच रक्त चढवल्यावरही तपासणी करू नये.

शेवटी मॅडमकडूनच त्या रकान्यात लिहून आणलं: ‘सिकलसेल एसएस. स्ट्रोकच्या धोक्याची वार्षिक तपासणी. कवटीतून, जागेपणी.’ रकाना भरलेला पाहून काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता तारीख दिली. तुम्ही हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

आकडा सेकंदाला २०० सेंटीमीटरच्या वर निघाला. पुन्हा मोजला, तरी तोच. मग दर महिन्याला रक्त चढवणं, एचबीएस (सिकलसेलचं सदोष हिमोग्लोबिन) ३० टक्क्यांच्या खाली ठेवायला. १९९८ च्या अभ्यासात अशा मुलांमधले पहिले स्ट्रोक यामुळे ९० टक्क्यांहून जास्त कमी झाले होते. रक्तासोबत शरीरात लोह साठतं, म्हणून फेरिटिनवर, म्हणजे साठलेलं लोह दाखवणाऱ्या रक्ततपासणीवर, लक्ष. वर्षभरानंतर एमआरएमध्ये (रक्तवाहिन्यांच्या एमआरआयमध्ये) वाहिन्या फारशा बिघडलेल्या नाहीत हे पाहून मॅडमनी तिला रक्ताऐवजी हळूहळू हायड्रॉक्सियुरिया या औषधावर आणलं. आकडा उतरला म्हणून आपल्या मनानं रक्त बंद करायचं नाही, धोका परत येतो.

एक सांगायचं राहिलंच. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, यातलं काहीही दिसलं की थेट इमर्जन्सी गाठा. काही मिनिटांत बरं वाटलं तरी जा. केसपेपरवर ‘सिकलसेल’ सगळ्यात वर लिहवून घ्या, कारण तिथे रक्त बदलायची तयारी लगेच सुरू व्हावी लागते.