डासाचं वय

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात पावसाळ्यातला माझा दिवस सकाळी सहाला सुरू व्हायचा. राजधानी बामाकोच्या दक्षिणेकडचं एक खेडं. मातीच्या खोलीतलं खाण्यापिण्याचं सामान बाहेर काढायचं, जमिनीवर पांढरी चादर अंथरायची, दार-खिडकी बंद करून पायरेथ्रम या कीटकनाशकाचा फवारा मारायचा आणि दहा मिनिटं बाहेर थांबायचं. मग चारी कोपरे धरून चादर अंगणात आणायची. पोट टरारून लाल झालेल्या डासांच्या माद्या चिमट्याने उचलून ओल्या कापसावर ठेवायच्या. ते रक्त रात्री त्याच खोलीत झोपलेल्या पोरांचं असायचं. याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही.

हा ॲनोफिलिस गॅम्बी, हिवताप पसरवणारा डास. याला दलदल लागत नाही. ऊन पडणारं, उथळ, नुकतंच साचलेलं पाणी पुरतं: गाईच्या खुराचा ठसा, चाकोरी, आणि विटांसाठी माती काढलेले खड्डे. खड्डे बुजवा म्हणणं सोपं आहे. पण मातीच्या भिंती पावसात झडतात, दरवर्षी लिंपाव्या लागतात, आणि माती त्याच खड्ड्यातून येते. मी ज्यांच्याकडे राहायचे त्या आजींनी भिंतीवरून हात फिरवून मला हे दाखवलं. हिवतापाला त्या बांबारा भाषेत ‘सुमाया’ म्हणायच्या. त्या शब्दात गारव्याचा, ओलीचा अर्थ आहे.

मला खरं सांगायचंय ते डासाच्या वयाबद्दल. मादी ज्याला चावली त्या माणसाकडून आलेला हिवतापाचा परजीवी तिच्या लाळेपर्यंत पोचायला तिथल्या उबेत दहा-बारा दिवस लागतात. बहुतेक माद्या त्याआधीच मरतात. म्हणजे गावाला ताप देतात त्या थोड्याच, टिकून राहिलेल्या म्हाताऱ्या. मादीचं वय तिच्या अंडाशयावरून कळतं: सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर बारीक श्वासनलिका दिसतात. मादीने एकदाही अंडी घातली नसतील तर त्यांची टोकं लोकरीच्या गुंड्यासारखी वळलेली असतात, घातली असतील, म्हणजे ती वयाने मोठी असेल, तर उलगडून ताणलेली.

आणि ती म्हातारी होते कशावर? फुलांच्या गोड रसावर! मालीतल्याच बांदियागारा भागातल्या नऊ गावांतला अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या तीन गावांत एका झाडाच्या फुलोऱ्याच्या फांद्या छाटल्या, तर डास निम्म्याहून कमी झाले, म्हाताऱ्या माद्याही घटल्या. झाड कोणतं? प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, म्हणजे आपली वेडी बाभूळ. मी मंगळवेढ्याची, आमच्या चुलीत कायम तिचंच सरपण. तिचे काटे पायात मोडलेत, पण तिच्या फुलांकडे मी कधी वळून पाहिलं नव्हतं.

एका सकाळी आजींच्याच खोलीतून अकरा माद्या निघाल्या. आठ जणींच्या श्वासनलिका उलगडलेल्या. तिथे त्यांची तीन वर्षांची नात झोपायची. मच्छरदाणी होती, पण पायाकडे फाटलेली. त्या दुपारी सुई-दोरा घेऊन आम्ही दोघी ती शिवत बसलो.